सातव्या कमानीतली पाटी

नरसी नामदेव
१८ फेब्रुवारी २०२५

॥ श्री ॥

चि. शिवकन्या हिस विश्वंभरमामाचे अनेक आशीर्वाद.

रविवारी सकाळी मी पहिल्या गाडीने हिंगोलीला गेलो आणि पेठेतल्या जुन्या बाराकमानीच्या बाजारात सातव्या कमानीच्या भिंतीला गाल लावून उभा राहिलो. तू फोनवर सांगितलं होतंस, भिंत तपासून कळवा म्हणून. पण तुझं बोलणं मला अर्धंच ऐकू आलं. फरशी कापायच्या मशीनने माझे कान नेले. आता डाव्या कानात नुसती शिट्टी वाजते. राहिलेलं तू तुझ्या आईला, अक्काला सांगितलंस, अक्काने तुझ्या मामीला, मामीने मला हातवारे करून. असं किती दिवस चालायचं? म्हणून कागदावर लिहितो आहे. तूही कागदावरच लिही. पोस्टमन अजून येतो.

गाल लावायची पद्धत तुझ्या आजोबांची. काम संपलं की ते डोळे मिटून भिंतीला गाल लावायचे. मी एकदा विचारलं, हात का नाही लावत? म्हणाले, हाताला घट्टे पडलेत, त्याला काय कळणार. गालाने कधी दगड उचलला नाही. कोरड्या चुन्याची भिंत गालाला पितळी तांब्यासारखी गार लागते, आणि गाल काढला की गालाला काही चिकटलेलं नसतं. परवा माझ्या गालाला ओल लागली. दाढीत पांढरी पूड आली. मिठाची.

द्वारकाबाई समोर बांगड्यांची दोरी सोडत बसली होती. म्हणाली, "काहून रे विश्वंभर, भिंतीचा मुका घेऊन राहिला? घरी कोणी न्हाई काय?" सगळे हसले. मीही हसलो.

तर, भिंत ओली आहे. माझ्या कमरेपर्यंत जास्त, वर छातीपर्यंत कमी. सातवी, आठवी आणि नववी कमान सगळ्यात वाईट. आठवीच्या खांबाला नख लावलं तर प्लास्टरचा पापुद्रा निघतो आणि आतल्या विटेचा भुगा गळतो. बाराकमानीचे पंच म्हणतात, इमारत म्हातारी झाली, संपली. पाडून तिथं काचेचं तीन मजली संकुल करू. रामनवमीच्या बैठकीत ते ठरणार. तू न पाडता दुरुस्तीचा आराखडा देते म्हणालीस आणि त्यांनी रामनवमीपर्यंत थांबायचं कबूल केलं, हे पंचांचे अध्यक्ष शंकरसिंग यांनी मला सांगितलं. सगळे दुकानदार तुझ्याकडे डोळे लावून बसलेत. संकुल झालं तर त्यांना दोन वर्षं बाहेर बसावं लागेल आणि पुन्हा आत यायला मिळेल याची खात्री नाही. द्वारकाबाई चाळीस वर्षं तिथं बसते आहे.

भिंत ओली का आहे, हे मला सांगता येत नाही. तू शिकलेली आहेस, तू बघ.

अक्काला नमस्कार.

तुझा मामा,
विश्वंभर

*

छत्रपती संभाजीनगर
२७ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप मामांस शिवकन्येचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र ऑफिसमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. भिंतीची तपासणी करायची पंचवीस हजारांची मशीन आमच्याकडे आहे. आमचे साहेब म्हणाले, मामांचा गाल भाड्याने मिळेल का विचारा.

द्वारकाबाईंच्या मुलीने, शिलाने, मला फोटो पाठवले. ते मोठे करून पाहिले आणि कपाळावर हात मारला. मामा, बाराकमान म्हातारी झालेली नाही. तिचा श्वास कोंडला आहे. जमिनीतली ओल विटेतून वर चढणारच. शंभर वर्षं चढत होती. पण चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडत होता. रोज थोडी ओल यायची, रोज थोडी उडून जायची, आणि उडताना भिंत गार करायची. म्हणून तर आई सांगते ना, उन्हाळ्यात दुपारी लोक घरचे पंखे सोडून कमानीत येऊन बसायचे. मग कोणीतरी आतून सगळीकडे सिमेंटचं प्लास्टर केलं. आता ओल आत येते आणि बाहेर पडत नाही. माणसाच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बांधावी तसं झालं आहे. वरून मागच्या भिंतीतले झरोकेसुद्धा बुजवले आहेत. बाराच्या बारा! ज्या कोणी हे केलं त्याला भिंत म्हणजे काय हे कळतच नव्हतं. असा माणूस गवंडी तरी कसा म्हणवून घेतो!

माझा आराखडा साधा आहे. सगळं सिमेंट काढायचं, एक उन्हाळा भिंती वाळू द्यायच्या, मग पुन्हा चुना. झरोके उघडायचे. छतावरचं पाणी पूर्वी मागच्या हौदात जायचं, ते परत तिथं वळवायचं. एवढं केलं तर कूलर लागणार नाहीत, आणि काचेच्या संकुलात तर दिवसभर एसी चालवावा लागेल.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, आजोबा चुना कसा करायचे ते सगळं लिहून पाठवा. माझ्या पुस्तकांत आहे, पण ते इथल्या मातीचं नाही. दुसरी, हे सिमेंट कोणी आणि कधी लावलं? ही इमारतीची नाही, माणसाची चूक आहे, हे मला पंचांपुढे ठेवता आलं पाहिजे. मग पाडायचं कारणच उरत नाही.

मी १६ मार्चला येते आहे.

तुमची
शिवकन्या

*

नरसी नामदेव
९ मार्च २०२५

॥ श्री ॥

चि. शिवकन्या हिस अनेक आशीर्वाद.

चुन्याचं लिहितो. हे लिहिताना बरं वाटलं. पाच दिवस रोज सकाळी देवळातून आल्यावर थोडं थोडं लिहिलं.

भट्टीतून चुनकळी आणायची ती दगडासारखी कडक हवी, हवेत पडून फुललेली नको. हौदात आधी पाणी आणि मग चुनकळी. उलटं केलं तर ती उसळते आणि डोळ्यांत जाते. विझवलेला चुना निदान महिनाभर पाण्याखाली मुरू द्यायचा. वडील दोन महिने मुरवायचे. कोणी घाई केली तर म्हणायचे, लोणचं आठ दिवसांत खातो का? मग घाणीत, म्हणजे बैल चाक ओढतो त्या गोल चरात, घालून सुरखीबरोबर मळायचा. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, कच्च्या विटेची चालत नाही. घाणीचं दगडी चाक आमच्या गोठ्यामागे अजून पडून आहे. बेलफळाचा गर रात्रभर भिजवून त्याचं पाणी, हिरड्याचं पाणी, आणि गूळ. गूळ जास्त झाला की मुंग्या येतात. शेवटच्या हाताला ताग बारीक कातरून टाकायचा. उन्हाळ्यात गिलावा करायचा नाही, फुटतो. पावसाची झड संपल्यावर करायचा आणि वर ओली पोती लावून ठेवायची.

आणि दरवर्षी रामनवमीच्या आधी वडील शिडी लावून सगळ्या कमानींना पातळ चुन्याचा एक हात द्यायचे. कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी दिला म्हणून ते द्यायचे. ते काम बंद झाल्याला आता बरीच वर्षं झाली.

सिमेंटचं विचारलंस. ते काम जुनं आहे. आठ दिवसांत उरकलेलं. रेती कयाधू नदीतली, न धुता वापरलेली, म्हणून मीठ फुटतं आहे. झरोके बुजवले ते कबुतरांमुळे. भजनाच्या वीणेवर घाण पडायची. कोणी केलं, हे आता कोण सांगणार?

गुरुवारी भजनाला गेलो होतो. सातवी कमान भजनाची, हे तुला माहीत आहेच. मी पखवाज वाजवतो, आता कानाने नाही, बोटांना येणाऱ्या थरथरीवर. भजन झाल्यावर शंकरसिंग जवळ बसले आणि माझ्या उजव्या कानात मोठ्याने बोलले.

"मिस्त्री, तुमची भाची काम बराबर करती है, पन एक बात बोलू? ज्या इमारतीत मला पावसाळ्यात छत्री घेऊन बसावं लागतं, तिला मी काय जपू? लोक म्हणून राहिले, शंकरसिंग मेल्यावर त्याला याच भिंतीत पुरा, ओल बराबर राहील."

मी म्हणालो, दुरुस्त होईल.

"तुमी सांगता दुरुस्त होईल? तुमी सोता घरोघर सिमेंट अन् टाइल लावून राहिले."

खरं आहे ते. पोट त्याच्यावर चाललं आहे.

ये. मामीने तुझ्यासाठी शेवया करून ठेवल्यात.

तुझा मामा,
विश्वंभर

*

छत्रपती संभाजीनगर
२० मार्च २०२५

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

परत आल्यापासून तीन दिवस हे पत्र लिहिते आहे आणि फाडते आहे.

सातव्या कमानीत रामाच्या तसबिरीखाली कॅलेंडर टांगलेलं होतं ना, ते शंकरसिंग काकांनी बाजूला केलं, तेव्हा तुम्हीही तिथंच होतात. खाली संगमरवरी पाटी. "श्रीरामचरणी सेवा. संतराम गवंडी, नरसी. रामनवमी, शके १९२०." मग काका काय म्हणाले, ते तुम्हाला ऐकू आलं का माहीत नाही. ते म्हणाले, "बेटी, संतराम मिस्त्रीसारखा चुन्याचा उस्ताद पाच जिल्ह्यांत न्हाई झाला. त्यानं आपल्या हातानं हितं सिमेंट लावलं. चुन्यात दम असता तर त्यानं लावलं असतं का? तू काल शिकली, त्याला समजत नव्हतं काय?"

इतकी वर्षं मी ज्यांच्या नावाने चुन्याचं गुणगान करते, कॉलेजात माझ्या पहिल्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर ज्यांचं नाव घातलं, त्यांनीच हे केलं होतं. आणि मी तुम्हाला लिहिलं होतं की ज्याने केलं त्याला भिंत कळत नव्हती. माफ करा. तुम्ही "कोण सांगणार" असं का लिहिलंत ते आता कळलं. वडलांचं नाव तुम्हाला घ्यायचं नव्हतं.

तुम्ही माझ्या शेजारीच उभे होतात. वाटलं, तुम्ही काही बोलाल. मग वाटलं, तुम्हाला ऐकू आलं नसेल.

आजोबाही दमले असतील. दरवर्षी शिडी चढणं त्या वयात किती दिवस जमणार? एकदाचं सिमेंट लावून सुटावं, असं वाटलं असेल. मी समजू शकते. पण वाईट वाटतं.

अहवालात "सिमेंटचं काम कोणी केलं" ही ओळ मी कोरी ठेवली आहे. आराखडा पंचांकडे पाठवला. पंचांच्या बैठकीत बाहेरचं कोणी बसत नाही, त्यामुळे माझं काम संपलं. शंकरसिंग काकांचं मन पाटीपाशीच अडकलं आहे, आणि त्यांच्यामागून बाकीचे जाणार. मला आता फार आशा नाही.

तुमची
शिवकन्या

*

नरसी नामदेव
२५ मार्च २०२५

॥ श्री ॥

चि. शिवकन्या हिस आशीर्वाद.

पत्र मिळालं. आजोबांना बोल लावू नकोस. ते दमणारे नव्हते.

आणखी लिहायचं होतं. दोन वेळा बसलो. ताप नाही, पण अंगात काही राहिलेलं नाही असं वाटतं. कळमनुरीला एका बंगल्याचं टाइलचं काम घेतलं होतं, ते सोडून आलो. सकाळी देवळात जातो, खांबाला टेकून बसतो आणि नुसता परत येतो. देवापुढे बोलायचं तेही जमत नाही.

पाडव्याला वसमतला जाणार आहेस असं मामी म्हणाली. अक्काला सांग, मी बरा आहे.

विश्वंभर

*

वसमत
३१ मार्च २०२५

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

काल पाडवा झाला. आईजवळ बसून मी पाटीची गोष्ट काढली. आई पुरणाच्या ताटावरून उठली आणि म्हणाली, "शके किती म्हणालीस?" मी सांगितलं. ती म्हणाली, "त्या रामनवमीला तुझं बारसं होतं. माझे बाबा इथं होते. आठ दिवस आधी आले होते, पाळणा स्वतः बांधला त्यांनी. रामनवमी झाल्यावर दोन दिवसांनी गेले. त्यांनी हिंगोलीत प्लास्टर कधी केलं?"

तिने ट्रंकेतून फोटो काढला. पाळण्याची दोरी धरून आजोबा उभे आहेत. मागे भिंतीवर कॅलेंडर. तारीख वाचता येते.

मामा, तुम्ही लिहिलं होतं की ते काम आठ दिवसांत उरकलं. रेती कुठली, ती धुतली नव्हती, झरोके कशामुळे बुजवले, हे सगळं तुम्ही लिहिलं होतं. मी तेव्हा नुसतं वाचून पुढे गेले.

मी काही विचारत नाही. आईलाही पुढे काही बोलले नाही. ती फोटो पुसत बसली आहे.

फोटोची प्रत पंचांना पाठवली तर आजोबा सुटतील. पण मी ती पाठवणार नाही. ते माझं काम नाही, असं मला वाटतं.

रामनवमी येत्या रविवारी आहे.

शिवकन्या

*

नरसी नामदेव
९ एप्रिल २०२५

॥ श्री ॥

चि. शिवकन्या हिस विश्वंभरमामाचे आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारी आलं. त्या दिवशी भजनाला गेलो नाही. आता सगळं क्रमाने लिहितो. अक्काला वाचून दाखव.

मला ऐकू आलं होतं. शंकरसिंग पाटीपुढे जे बोलले तो शब्द न् शब्द मला ऐकू आला होता. कान गेल्यापासून लोक माझ्यावर दया करतात, आणि त्या दिवशी मी त्या दयेमागे लपलो. बाकी सगळ्याची लाज कमी होईल, ही होणार नाही.

शके १९२० ला मी बावीस वर्षांचा होतो. पहिलंच स्वतःच्या नावावरचं काम पुरं केलं होतं, आखाडा बाळापूरला, शाळेच्या तीन खोल्या, सगळ्या सिमेंटच्या. डोक्यात तेच होतं. रामनवमीचा सप्ताह जवळ आला होता. वीणेकऱ्यांच्या सदऱ्यावर चुन्याची पूड पडते, कबुतरं घाण करतात, अशी कुरकूर चालायची. आणि वडलांचे गुडघे. शिडीच्या प्रत्येक पायरीला ते दम घ्यायचे. मला वाटलं, एकदा पक्कं करून टाकावं. त्यांची दरवर्षीची शिडी चुकेल आणि रामाची सेवा होईल. ते तुझ्या बारशाला गेले आणि मी काम धरलं. बारा कमानी आठ दिवसांत. रोज दिवे लागेपर्यंत. त्यांना परत आल्यावर चकित करायचं होतं. पाटीवर माझं नाव घातलं नाही, त्यांचं घातलं. मला वाटलं, केवढा मोठेपणा केला आपण.

ते आले. कमानीत गेले. भिंतीवरून तळहात फिरवला. गाल लावला नाही. म्हणाले, "गुळगुळीत झालं." बस. मी किती वर्षं ते शाबासकी समजून जपून ठेवलं होतं!

त्यानंतर ते भजनाला बसायचे बंद झाले. गुडघे दुखतात म्हणाले आणि मी मानलं. नंतर, ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, भिंती फुगायला लागल्या तेव्हा मला कळलं. ओल पाहिल्याबरोबर कळलं. मी चुन्यात वाढलेला माणूस आहे, मला कळणार नाही का? पण तोपर्यंत लोक दर रामनवमीला पाटीपुढे नारळ फोडत होते. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी बोलू.

रविवारी सकाळी छिन्नी, हातोडा आणि वडलांची गिलाव्याची करणी पिशवीत घालून निघालो. आधी इथं देवळात गेलो. काही मागितलं नाही. सात वाजता बाराकमानीत पोचलो. द्वारकाबाई सडा टाकत होती.

"आज पखवाज विसरला काय रे?"

मी तसबीर उतरवून तिच्या हातात दिली. कॅलेंडर काढलं. पाटीच्या कडेला छिन्नी लावली आणि पहिला घाव घातला.

द्वारकाबाई ओरडली. मला ऐकू आलं नाही, तिचं तोंड दिसलं. मग आजूबाजूचे आले, आणि शंकरसिंग नव्या धोतरात धावत आले. त्यांनी माझा हात धरला.

"येडे झाले काय मिस्त्री? रामनवमीला? बापाची पाटी?"

मी म्हणालो, "ही माझ्या बापाची न्हाई. सिमेंट मी लावलं. ते हितं नव्हते. झरोके मी बुजवले. त्यांनी चुन्याशिवाय या भिंतीला कदी काही लावलं न्हाई. ही इमारत मी ओली केली."

हे मला मोठ्याने बोलावं लागलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. पेठेच्या टोकापर्यंत गेला असेल.

शंकरसिंगांनी माझा हात सोडला. मग माझ्या उजव्या कानाशी येऊन म्हणाले, "सत्तावीस साल मी या पाटीपुढं नारळ फोडून राहिलो. एक बार बोलायचं तरी." आणि बाजूला जाऊन बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

द्वारकाबाई मात्र तसबीर पोटाशी धरून तिथंच उभी होती. ती म्हणाली, "मला ठावं होतं." तुझे आजोबा त्यानंतर कमानीत बसत नसत, पण दर गुरुवारी समोरच्या चहाच्या दुकानाच्या ओट्यावर बसून भजन ऐकत. हे मला माहीत नव्हतं. मी आत पाठमोरा बसलेला असायचो. तिने एकदा त्यांना विचारलं होतं, मिस्त्री, आत काहून येत न्हाई? ते म्हणाले, "आत जीव गुदमरतो माय. पन पोरानं मनापासून केलं हाय. तू त्याला बोलू नको."

ती सत्तावीस वर्षं बोलली नाही. मी ज्या भिंतीपुढे पखवाज वाजवत होतो, त्याच भिंतीमुळे ते बाहेर बसत होते.

पाटी सरळ निघाली नाही. मी तेव्हा सिमेंट कंजुषी न करता लावलं होतं. संगमरवर तुटला पण सिमेंटने सोडला नाही. चार तुकडे झाले, आणि चीर नेमकी नावातून गेली. त्यांच्या नावावर छिन्नी चालवायची वेळ माझ्यावर आली. हात थांबला होता. मग तोच हात चालवला.

पाटी गेल्यावर त्याखालचं प्लास्टर काढलं. हाताएवढे पापुद्रे सुटत होते. आत वडलांचा चुना होता, शिळ्या दह्यासारखा मऊ झालेला, आणि त्याच्यावर सगळीकडे तिरपे घाव. सिमेंट नीट धरावं म्हणून प्लास्टरच्या आधी भिंतीला टाचे मारतात. ते माझेच टाचे होते. मी डावखुरा, म्हणून उलट्या बाजूला झुकलेले. दुसऱ्या कोणाचे असू शकत नाहीत. गुळगुळीत चुन्यावर मी किती जोराने मारले होते ते बघत मी तिथं बसून राहिलो. मग कोणीतरी पाणी दिलं.

दुपारी रामजन्म झाला. सुंठवडा वाटला. बैठक झाली. मी बाहेर ओट्यावर बसलो होतो, समोरच्या चहाच्या दुकानाच्या. तुझा कागद वाचला गेला. संध्याकाळी शंकरसिंग आले आणि म्हणाले, पाडायचं दसऱ्यापर्यंत थांबवलं आहे. तोवर फक्त सातवी कमान. ती वाळली तर पुढचं बोलू. न वाळली तर संकुल. "अन् काम तुमीच करायचं, मिस्त्री. मजुरी न्हाई भेटणार." मी म्हणालो, बराबर आहे. मग ते म्हणाले, "माझं भजनाचं आसन तवर कुठं टाकू?" मी माझ्या शेजारी ओट्यावर जागा केली.

वाळेल की नाही, मला सांगता येत नाही. सत्तावीस वर्षांची ओल आहे. पाया खचला असेल तर चुनाही काही करणार नाही. तुझी मशीन घेऊन ये एकदा. खांदे दुखतात, रात्री कूस बदलता येत नाही. पन्नाशीला आलो, हे काम बावीस वर्षांच्या पोराने वाढवून ठेवलेलं आहे आणि त्याला मदतीला बोलावता येत नाही.

पाटीचे तुकडे कयाधूत सोडायला नेले होते. नदीला पाणी नाही. फडक्यात बांधून घरी ठेवलेत. पाऊस झाला की बघू. चुनकळी सांगून ठेवली आहे. परवापासून विझवतो, म्हणजे दिवाळीपर्यंत मुरेल. पंचांनी हो म्हटलं तर लागेल, नाही म्हटलं तरी चुना वाया जात नाही. घाणीचं चाक गोठ्यामागून ओढून काढलं. तुझी मामी म्हणाली, कान गेले आता कंबरही घालवा.

अहवालातली ओळ कोरी ठेवू नकोस. तिथं लिही: सिमेंटचं काम, विश्वंभर संतराम गवंडी, नरसी, शके १९२०. आणि त्याच्याखाली, सिमेंट काढण्याचं काम, तोच.

सोमवारी आणि मंगळवारी दोन्ही दिवस गेलो होतो. सातव्या कमानीची मागची भिंत छातीपर्यंत मोकळी झाली. गाल लावून बघायला अजून फार अवकाश आहे, लावला नाही. आज सकाळी शिडी लावली आणि वर चढलो. पाचव्या पायरीवर दम घेतला. माझ्या हाताने बसवलेल्या विटा माझ्या हाताने काढल्या आणि सातव्या कमानीचा झरोका उघडला.

विश्वंभर